वाजवणाऱ्यानेच घडवलेली गिटार

विविध भारतीवर एक कार्यक्रम संपलेला असतो, दुसरा सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं उरलेली असतात आणि निवेदक काही न बोलता एक धून लावून देतो. गाणं ओळखीचं असतं, पण गाणारं कुणी नसतं. गायकाच्या जागी एक तंतुवाद्य असतं. ते रफींची मुरकी घेतं, लताबाईंसारखा सूर लांबवतं आणि ओळीच्या शेवटी अलगद खाली उतरतं. बीड, केज, परळी, माजलगाव इथल्या एका आख्ख्या पिढीने या धुना ऐकल्या आहेत. गणपतीच्या मांडवात दुपारच्या रिकाम्या वेळी त्या लागायच्या, तंबूतल्या सिनेमाचा खेळ सुरू होण्याआधी लागायच्या आणि लग्नघरच्या कर्ण्यावरही लागायच्या. वाद्य कोणतं, असं विचारलं तर कुणी व्हायोलिन म्हणायचं, कुणी सतार. एखादा जाणकार 'हवाईयन गिटार' म्हणायचा. वाजवणाऱ्याचं नाव मात्र क्वचितच कुणाला सांगता यायचं.

त्या नावांपैकी एक होतं व्हॅन शिप्ले.

शिप्ले यांचा जन्म १९२७चा, लखनौचा. घर ख्रिस्ती, त्यामुळे पाश्चात्त्य वाद्यांशी ओळख होती, आणि गाव ठुमरी-दादऱ्याचं, त्यामुळे कान हिंदुस्थानी होता. व्हायोलिन आणि गिटार ही दोन्ही वाद्यं त्यांनी हातात घेतली, पण शिक्षण रागसंगीताचं घेतलं. मैहरला उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांच्याकडेही त्यांनी तालीम घेतली, असं सांगितलं जातं. लखनौ रेडिओवर वाजवता वाजवता ते चित्रपटसृष्टीकडे वळले, मुंबईत आले आणि २००८ साली त्यांचं निधन झालं तेही मुंबईतच. 'भारतातले पहिले इलेक्ट्रिक गिटारवादक' अशी त्यांची ख्याती होती. अशा 'पहिलेपणा'वर नंतर वाद होतातच, पण एचएमव्हीच्या तबकड्यांवरून विजेची गिटार घराघरांत पोचवणाऱ्या पहिल्या फळीत शिप्ले होते, यात शंका नाही. त्यांच्या जोडीला असायचे पुण्याचे एनॉक डॅनियल्स. अकॉर्डियनवर त्यांची हुकूमत होती आणि पुढे संगीतकार राम कदमांबरोबर काम करून ते मराठी चित्रपटांतही रमले. शिप्लेंची गिटार आणि डॅनियल्सचं अकॉर्डियन या जोडीच्या धुना लोकांनी वर्षानुवर्षं ऐकल्या.

शिप्लेंची खरी गंमत मात्र त्यांच्या वाद्यात होती. साधी हवाईयन गिटार सहा तारांची असते. त्यांच्या मांडीवरची गिटार आठ तारांची होती आणि ती त्यांनी स्वतः आखून तयार करून घेतली होती. मुख्य तारांवर गाण्याची ओळ चालायची आणि षड्ज धरून ठेवणाऱ्या जादा तारा मधूनमधून झंकारायच्या. सतारीची चिकारी, म्हणजे अशाच झंकारणाऱ्या तारा, ज्याच्या कानात बसलेली आहे, त्याला दुकानातली सहा तारांची गिटार अर्धवट वाटणारच. वाद्यात काय कमी आहे हे दुकानदारापेक्षा वाजवणाऱ्यालाच जास्त जाणवतं, आणि शिप्लेंनी ती उणीव कुणाची वाट न बघता भरून काढली.

या आडव्या गिटारीचा इतिहास चाळला तर हीच गोष्ट पुन्हापुन्हा भेटते. तिच्या प्रत्येक वळणावर एखादा वादक हत्यारं घेऊन बसलेला दिसतो.

हे वाद्य वाजतं कसं, ते आधी पाहू. नेहमीची गिटार उभी धरतात आणि डाव्या हाताची बोटं तारा पडद्यांवर दाबतात. हवाईयन पद्धतीत गिटार मांडीवर किंवा स्टँडवर आडवी ठेवतात. तारा पट्टीपासून उंच उचललेल्या असतात, त्यामुळे दाबायचं काही नसतंच. डाव्या हातात बोटभर लांबीचा गुळगुळीत पोलादी दांडा असतो आणि तो तारांवरून सरकवायचा असतो. दांडा जिथे थांबेल तिथे सूर. रेषा आखलेल्या असतात, पण त्या डोळ्यांच्या सोयीसाठी. केसभर इकडेतिकडे झालं तरी सूर हलतो. दांड्यामागून डाव्या हाताची बाकीची बोटं तारांना हलकेच टेकून सरकत असतात, नाहीतर मागचा नको असलेला आवाज घुमत राहतो. उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि दोन बोटांत नख्या असतात, आणि त्याच हाताचा तळवा नको त्या तारा दाबून गप्प करतो. गाण्याची धून वाजवताना शब्द नसतात, म्हणून गायकाने श्वास कुठे घेतला, अक्षर कुठे तोडलं, हे सगळं त्या तळव्याच्या दाबातून दाखवावं लागतं. शिप्ले, हजारासिंग, कोलकात्याचे सुनील गांगुली, कवी नझरुल इस्लाम यांचे पुत्र काझी अनिरुद्ध ही मंडळी लोकप्रिय झाली ती या कसबावर.

मींड काढण्यासाठी, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाण्यासाठी, तारेवरून काहीतरी सरकवायचं, ही कल्पना आपल्याकडे अजिबात परकी नाही. मराठवाड्याच्या वाचकाने तर हे आवर्जून लक्षात ठेवावं. तेराव्या शतकात देवगिरीला सिंघण यादवाच्या दरबारात शार्ङ्गदेव नावाचा अधिकारी होता. त्याने लिहिलेला 'संगीतरत्नाकर' हा भारतीय संगीतावरचा सगळ्यांत मान्यता पावलेल्या ग्रंथांपैकी एक. त्यात एकतंत्री वीणेचं वर्णन आहे. ही पडदे नसलेली एका तारेची वीणा बांबूची कांडी तारेवरून सरकवून वाजवत. अंबाजोगाईचं खोलेश्वर मंदिर ज्याच्या नावाने ओळखलं जातं, तो खोलेश्वर याच सिंघणाचा सेनापती. म्हणजे ज्या राजवटीत आजचा बीड जिल्हा होता, तिच्याच राजधानीत या वादनतंत्राची लेखी नोंद झाली. उत्तरेतली विचित्रवीणा आणि दक्षिणेतलं गोट्टुवाद्य ही त्याच तंत्राची पुढची वाद्यं.

म्हणून हवाईयन गिटारही भारतातूनच गेली, असं मानायला काहींना आवडतं. एका भारतीय मुलाला जहाजाच्या कप्तानाने पळवून नेलं, तो हवाईला पोचला आणि त्याने तारेवर वस्तू सरकवून दाखवली, अशी एक कथा आहे. त्याचं नाव गॅब्रिएल डॅव्हियन असं सांगतात. कथा चांगली आहे, पण तिच्यावर फार भार टाकू नये. बहुतेक जाणकार श्रेय देतात ते जोसेफ केकुकू याला. ओआहू बेटावर १८७४ साली जन्मलेला हा मुलगा शाळकरी वयात गिटारीच्या तारांवरून लोखंडी वस्तू सरकवून बघू लागला. आवाज आवडला, पण हाताला नीट बसेना. मग त्याने शाळेच्या कार्यशाळेत स्वतःच पोलादी दांडा घडवला. इथेही वादकच कारागीर होता. १९०४ मध्ये केकुकू अमेरिकेला गेला. १९१५च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या जागतिक प्रदर्शनानंतर तिथे हवाईयन संगीताचं वेडच पसरलं. पुढे टाऊ मो हे हवाईयन वादक १९४०च्या दशकात सहकुटुंब कोलकात्यात राहिले. कोलकाता या वाद्याचं भारतातलं मोठं घर झालं, त्यात अशा फिरत्या वादकांचा वाटा मोठा.

वीजही या गिटारीला आधी लागली. बाजारात यशस्वी झालेली पहिली इलेक्ट्रिक गिटार उभी नव्हती, आडवी होती. गोल बुडाची आणि लांब दांड्याची असल्यामुळे तिला 'फ्राइंग पॅन' असं नाव पडलं. १९३१च्या सुमारास ती तयार करणारा जॉर्ज बोशां हा स्वतः रंगमंचावर हवाईयन गिटार वाजवणारा. बँडच्या गोंगाटात आपला आवाज ऐकू जात नाही, ही त्याची रोजची तक्रार होती. त्याने नालाच्या आकाराची लोहचुंबकं तारांभोवती बसवून तिच्यावर इलाज शोधला. आज जगभर वाजणाऱ्या विजेच्या गिटारींची सुरुवात एका वादकाच्या या वैतागातून झाली.

इथून अमेरिकेची वाट आपल्यापासून वेगळी झाली.

अमेरिकी संगीताचा श्वास स्वरसंघात आहे. तीन-चार स्वर एकाच वेळी वाजले पाहिजेत आणि ते सतत बदललेही पाहिजेत. सरळ पोलादी दांड्याची अडचण नेमकी तिथेच येते. तो सरकला की सगळ्या तारा सारख्याच सरकतात आणि तारांमधलं अंतर बदलत नाही. मग वादकांनी एकाच वाद्यावर दोन, तीन, अगदी चार गळे बसवून घेतले. प्रत्येकावर वेगळी जुळणी, आणि वाजवताना या गळ्यावरून त्या गळ्यावर उडी. त्यापेक्षा एखादीच तार पायाने ओढून चढवता आली तर? या प्रश्नातून पेडल स्टील गिटार जन्माला आली. कॅलिफोर्नियातले पॉल बिग्सबी हे मोटारसायकलींच्या नादातले पक्के यंत्रकामगार. त्यांनी १९४८ मध्ये स्पीडी वेस्ट या वादकासाठी पेडलची गिटार बनवली. वेब पिअर्स या गायकाच्या 'स्लोली' या गाण्यात बड आयझॅक्स या वादकाने सूर वाजत असतानाच पेडल दाबलं आणि स्वरसंघातले काही सूर जागेवर राहून बाकीचे वर चढले. १९५४ साली ते गाणं लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं आणि स्टील वादकांची झोप उडाली. मिळेल त्या सळ्या, कड्या आणि तारा जोडून जो तो आपापल्या गिटारीला पेडल बसवू लागला.

त्यांच्यातच होता इंडियाना राज्यातल्या मिशावाका गावचा एक पोरगा, बडी एमन्स. जन्म २७ जानेवारी १९३७. अकराव्या वर्षी वडिलांनी सहा तारांची आडवी गिटार घेऊन दिली आणि शिकवणी लावली ती 'हवाईयन' संगीताची. सोळाव्या वर्षी शाळा सुटली. अठराव्या वर्षी तो लिटल जिमी डिकन्स या गायकाच्या वाद्यवृंदाबरोबर कंट्री संगीताच्या राजधानीत, नॅशव्हिलला पोचला. पुढची साठ वर्षं पेडल स्टीलचा विषय निघाला की पहिलं नाव त्याचं निघायचं.

आयझॅक्सचं एक पेडल दाबलं की दोन प्रकारच्या तारा एकदम चढायच्या. एमन्सने १९५६ मध्ये ते काम दोन पेडलांत वाटून टाकलं. सांगताना हे किरकोळ वाटतं, पण त्यामुळे दोन्ही प्रकारच्या तारा स्वतंत्रपणे हलवता आल्या. एक पेडल दाबून दुसरं अर्धं सोडता आलं, आणि एका स्वरसंघातून दुसऱ्यात जाताना मधला प्रत्येक सूर ऐकवता आला. १९५७ मध्ये शॉट जॅक्सन या वादकमित्राबरोबर त्याने कारखानाच काढला, दोघांच्या नावांतून 'शो-बड'. १९६२च्या सुमारास त्याने नेहमीच्या जुळणीत आणखी दोन तारा घातल्या आणि सलग स्वरपंक्ती वाजवण्याची सोय झाली. दहा तारांची ही 'ई नाइन्थ' जुळणी आजही नॅशव्हिलची प्रमाण जुळणी आहे. एखाद्या माणसाने केलेला बदल त्या वाद्याचा सगळ्यांसाठीचा नियम होऊन बसावा, असं भाग्य फार थोड्यांना लाभतं.

१९६३ मध्ये शो-बड सोडून त्याने 'एमन्स गिटार कंपनी' उभी केली. तिच्या गिटारींना वादक 'पुश-पुल' म्हणतात. तार पायाने चढवायची-उतरवायची म्हणजे घोडीच्या जागी फिरणारी यंत्रणा हवी, आणि यंत्रणा आली की तारेचं कंपन लाकडात नीट उतरत नाही. एमन्सच्या रचनेत पेडल मोकळं असताना तार धरणारा तुकडा थेट गिटारीच्या अंगाला टेकून बसतो. सूर चढवायचा तर सळई तो ओढते, उतरवायचा तर ढकलते. त्यामुळे आवाजाला भरीव गोलाई येते. तिची जुळवाजुळव मात्र किचकट; एक स्क्रू फिरवावा तर दुसरा सूर हलतो. नंतर आलेल्या रचना हाताळायला कितीतरी सोप्या होत्या, तरीही जुन्या पुश-पुल गिटारी शोधणारे वादक आजही आहेत.

त्याच १९६३ साली एमन्सने 'स्टील गिटार जॅझ' ही तबकडी काढली. खेड्यापाड्यांतल्या गाण्यांचं म्हणून ओळखलं जाणारं वाद्य त्याने न्यूयॉर्कच्या जॅझ वादकांमध्ये नेऊन बसवलं. पेडल स्टील वाजवताना त्याला बघणं हाही एक अनुभव असायचा. डावा पाय पेडलांवर, उजवा आवाज कमी-जास्त करणाऱ्या पेडलवर, दोन्ही गुडघे वाद्याखालच्या दांड्या ढकलतायत, डाव्या हातात पोलाद, उजव्या हातात नख्या. शिलाई मशीनवर बसलेल्या निष्णात शिंप्यासारखं सगळं शरीर कामाला, आणि चेहऱ्यावर कष्टाची एक रेघ नाही. १९८१ मध्ये स्टील गिटारच्या मानकऱ्यांत त्याचं नाव गेलं. २१ जुलै २०१५ रोजी तो गेला, तेव्हा जगभरच्या वादकांनी त्याच्या आठवणी काढल्या. कुणाला त्याच्या वादनाने घडवलं होतं, तर कुणाच्या हाताखाली त्याच्या कंपनीची गिटार होती.

मग आपल्याकडे पेडल का रुजलं नाही? पैसा, आयात, दुरुस्तीची सोय ही कारणं आहेतच. पण मुख्य कारण आपल्या गरजेचं आहे. रागसंगीताला स्वरसंघ बदलायचा नसतो. त्याला एक सूर हवा, त्या सुराभोवतीची मींड हवी आणि मागे न हलणारा षड्ज हवा. म्हणून भारतीय वादकांनी गिटार हातात घेतल्यावर पेडल बसवलं नाही, तारा वाढवल्या. जोधपूरचे ब्रिजभूषण काबरा हे उस्ताद अली अकबर खाँ यांचे शिष्य. त्यांनी मोठ्या अंगाच्या गिब्सन गिटारीला चिकारीची सोय केली आणि गिटारीवर आलाप-जोड-झाला वाजवून दाखवला. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि काबरा यांची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही तबकडी १९६७ची. तिच्यातली गिटार ऐकताना आपण विलायती वाद्य ऐकतोय, असं क्षणभरही वाटत नाही. जयपूरच्या विश्वमोहन भट्ट यांनी पुढचं पाऊल टाकलं. त्यांनी चिकारीबरोबर आपोआप झंकारणाऱ्या १२ तारा, म्हणजे तरफा, बसवल्या आणि वाद्याला नाव दिलं मोहनवीणा. राय कूडर या अमेरिकी वादकाबरोबरच्या त्यांच्या 'अ मीटिंग बाय द रिव्हर'ला १९९४ मध्ये ग्रॅमी मिळालं. काबरांचे कोलकात्याचे शिष्य देबाशिष भट्टाचार्य यांनी तर २४ तारांची 'चतुरंगी' स्वतः घडवली.

याच ओळीत शिप्लेंच्या आठ तारा ठेवून बघाव्यात. काबरा-भट्ट मैफलीतले, त्यामुळे त्यांच्या बदलांची संगीताच्या पुस्तकांत नोंद झाली. शिप्ले पडले फिल्मी धुनांचे वादक, म्हणून त्यांच्या वाद्याकडे गंभीरपणे कुणी पाहिलं नाही. हा सरळसरळ अन्याय आहे. षड्ज सोबतीला घेऊन विजेची गिटार गायकीच्या अंगाने वाजवण्याचा विचार त्यांनीही केला होता, आणि तो लाखो श्रोत्यांपर्यंत पोचवलाही होता. मुंबईच्या स्टुडिओतल्या वादकांचं एकूणच असं झालं. पडद्यावर संगीतकाराचं नाव, तबकडीवर गायकाचं नाव, आणि ज्याच्या दोन ओळींच्या तुकड्याने गाणं लक्षात राहिलं तो अनामिक. ग्रेगरी बूथ या अभ्यासकाने मुंबईच्या वादकांना भेटून, त्यांच्या तोंडून ऐकून 'बिहाइंड द कर्टन' हे पुस्तक लिहिलं. शिप्ले गेले त्याच वर्षी, २००८ मध्ये, ते प्रसिद्ध झालं. असं काम मराठीत व्हायला हवं.

वाजवणारा आणि घडवणारा यांच्यातलं नातं बीड जिल्ह्याला नवीन नाही. अंबाजोगाई तालुक्यातलं आपेगाव पखवाजासाठी ओळखलं जातं ते पद्मश्री शंकरबापू आपेगावकर यांच्यामुळे. वारकऱ्यांच्या दिंडीतला पखवाज त्यांनी मैफलीत मानाने नेला आणि त्यांचे चिरंजीव उद्धवबापू यांनी तो वारसा पुढे चालवला. पखवाजी बसला की आधी डाव्या पुडीला कणीक लावतो, थाप मारून बघतो, थोडी काढतो, पुन्हा लावतो. मग हातोडीने गठ्ठे ठोकून उजवी पुडी सुरात आणतो. म्हणजे प्रत्येक बैठकीआधी तो आपलं वाद्य थोडंसं नव्याने घडवतच असतो. मिरजेच्या तंतुवाद्य कारागिरांकडेही हेच दिसतं. तिथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. घोडीवर जवारी लावताना कारागीर पुन्हापुन्हा तार छेडून ऐकतो, आणि सुराचा कान नसलेल्या माणसाला ते काम जमत नाही.

शिप्लेंसारख्या अनामिक राहिलेल्या वादकांसाठी एक गोष्ट वाचकांना करता येण्यासारखी आहे. मराठवाड्यातल्या अनेक घरांत माळ्यावर जुन्या तबकड्या पडून आहेत. काही घरांत एखाद्या काकांनी किंवा मामांनी हौसेने शिकलेली आडवी गिटारही असेल. मांडवाला आणि लग्नाला कर्णे पुरवणाऱ्या जुन्या दुकानांत तर अशा धुनांच्या तबकड्या आणि कॅसेटी हमखास सापडतील. त्या भंगारात जाण्याआधी वेष्टनावरची नावं वाचा. गिटार कुणाची, अकॉर्डियन कुणाचं, तबकडीचा क्रमांक काय, हे वहीत उतरवा. गावात कुणी ऑर्केस्ट्रात हवाईयन गिटार वाजवत असेल तर त्याला भेटा, त्याने वाद्यात काय बदल केले ते विचारा आणि त्या वाद्याचा फोटो काढून ठेवा. आणि शिप्ले-डॅनियल्स जोडीची एखादी धून, 'कॉल ऑफ द व्हॅली' आणि एमन्सची 'स्टील गिटार जॅझ' ही तिन्ही एका बैठकीत लागोपाठ ऐका.